विदर्भातल्या खेड्यातल्या शाळेत, प्रयोगशाळा नसताना, नववी-दहावीला कणभौतिकी शिकवता येईल का?

येईल. क्लाउड चेंबरच्या (कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांसारख्या दाखवणारी पेटी) मागे लागू नका. त्याला कोरडा बर्फ लागतो, तो धारणी-सिरोंच्याकडे कुठून आणणार? म्यूऑनपासून सुरुवात करा: अवकाशातून येणारे किरण हवेवर आदळले की तयार होणारा, इलेक्ट्रॉनसारखा पण जड कण. तळहात आडवा धरायला लावा: त्यातून सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो. (लाइन गेली तरी हा प्रयोग थांबत नाही.) मग गणित फळ्यावर घ्या. म्यूऑन सुमारे 15 किमी उंचीवर तयार होतो, त्याचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगानं धावला तरी तेवढ्यात जेमतेम 660 मीटर. तरी इथवर पोचतो कसा? पोरांना भांडू द्या, सापेक्षता (वेगानं धावणाऱ्याचा काळ हळू चालतो) नंतर सांगा. क्वार्कला (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) अपूर्णांकांची बेरीज पुरते, त्यांचे विद्युतभार मिळवायचे: प्रोटॉनसाठी 2/3 + 2/3 − 1/3. न्यूट्रॉनचं पोरं स्वतःच काढतात.