लीगचे पैसे थकलेत, भावानं खेळत राहावं का?

या वेळी तीन पत्रं घेतलीयत, तिन्ही खेळ आणि पैसा याबद्दलची. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्या घरात निर्णय याच महिन्यात घ्यायचाय.

प्रश्न : काका नमस्कार, मी राजारामपुरीत राहते. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, प्रो गोल्फर आहे, आणि कोल्हापुरात हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ते ठीक आहे पण काम काय करतो. मामा पुण्यात एका गोल्फ कोर्सवर माळीकाम करायचे, दहावीनंतर हा त्यांच्याकडं राहायला गेला, आधी कॅडी म्हणून बॅगा उचलल्या, मग तिथल्याच एका कोचनी त्याला शिकवलं. चार वर्षं टूर, म्हणजे प्रो लोकांच्या स्पर्धांची मालिका खेळला, कधी कटमध्ये (दोन दिवसांनंतर पुढं खेळायला ठेवतात त्यात) बसायचा कधी नाही. दोन वर्षांपूर्वी एका नवीन लीगनं करार दिला (नाव लिहीत नाही), दर महिन्याला फिक्स रक्कम, हॉटेल-प्रवास त्यांचा, बक्षीस वेगळं. लीगच्या आणि टूरच्या तारखा एकमेकांवर यायच्या त्यामुळं टूरवर कमी खेळला आणि टूरवर खेळायचं कार्ड गेलं. आता चार महिने फिक्स रक्कम आलेली नाही, दोन स्पर्धांचं बक्षीस बाकी आहे, एक स्पर्धा आठ दिवस आधी रद्द झाली, विचारलं की सांगतात स्पॉन्सरशी बोलणी चालू आहेत. आणि तरी करार वाढवायला सही मागतायत. त्याच्या किटसाठी बाबांनी उसावर सोसायटीचं कर्ज काढलेलं अजून फिटलेलं नाही. पुण्यात एका अकॅडमीत कोच म्हणून ४० हजारांची नोकरी मिळतेय. आई म्हणते नोकरी धर आणि लग्न कर, तो म्हणतो ताई मी आत्ता कुठं नीट खेळायला लागलोय. मी मध्ये अडकलेय. काय सांगू त्याला?

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट घरात सगळ्यांसमोर बोला, भाऊ लीगकडं गेला यात त्याचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडच्या टूरवर १ कोटीची स्पर्धा असली तर जिंकणाऱ्याला साधारण १५ लाख मिळतात, हे ऐकायला लई भारी वाटतं, पण पहिल्या दोन दिवसांत कट चुकला तर हातात शून्य, आणि एंट्री फी, कॅडीचे पैसे, रेल्वे नाहीतर विमान, चार रात्रींचं हॉटेल हे सगळं खिशातनं आधीच गेलेलं असतं. नोकरदाराचा महिना वाईट गेला तरी एक तारखेला पगार येतो, याचा वाईट आठवडा म्हणजे उलट घरातनं पैसे जाणार. अशा पोराला कुणी महिन्याची रक्कम बांधून दिली तर ती घेणं हा शहाणपणाच होता. फक्त ती रक्कम देतंय कोण आणि तो किती वर्षं देऊ शकतो, हे तेव्हा घरात कुणी विचारलं नाही, ते आता विचारायचंय.

ही गोष्ट कोल्हापूरला नवीन नाही हो. माझे आजोबा तालमीतले. शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग मैदान उभं केलं, पैलवानांना दरबारातनं खुराक, म्हणजे दूध तूप बदामाची काळजी नाही, पोरानं फक्त मेहनत करायची. महाराज १९२२ ला गेले तरी दरबाराचा आधार टिकला, पण १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि आमच्या आजोबांचा खुराक बघता बघता आटला. माती तीच होती, आजोबांची मांडी तीच होती, पैसे देणारा हात गेला. पुढं ते साखर कारखान्यावर वॉचमन झाले. कुस्ती सुटल्याचं त्यांना दुःख होतंच, पण त्याहून जास्त सल हा होता की वर्ष-दोन वर्षं ते वाट बघत बसले, कुणीतरी पुन्हा सुरू करेल म्हणून, आणि तीच त्यांची ऐन उमेदीची वर्षं होती.

खाशाबा जाधवांचं बघा. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशावर. चारच वर्षांनी १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर संस्थान राहिलेलं नव्हतं, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. पैलवान तोच, आणि ब्राँझ पदक आणलं ते या दुसऱ्या वेळी. पण पोट भरायला १९५५ ला ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झालेच ना. आणि आपला स्वप्निल कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, २०१५ पासून रेल्वेत होता, तिकीट कलेक्टर, २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ जिंकला तेव्हासुद्धा नोकरी तीच. नोकरी धरली म्हणजे खेळ सोडला असं तुमच्या आईला वाटत असेल आणि भावालाही तसंच वाटत असेल, तर दोघांनाही हा पोरगा दाखवा.

आता कामाचं बोलतो. मी ३० वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलोय, त्यामुळं माझी नजर कागदावर जाते. करार काढून बघा सही कुणाची आहे, लीगचं नाव वरती छापलेलं असतं पण खाली सही भलत्याच प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची असते, पैसे तिच्याकडनं यायचेत. पैसे थकले तर करार सोडता येतो असं कलम आहे का, वाद झाला तर कुठल्या गावात भांडायचं हे लिहिलंय का, ते वकिलाला एकदा दाखवा. मग इन्कम टॅक्सच्या साइटवर भावाच्या पॅनखाली टीडीएस बघा. खेळाडूला पैसे देताना १० टक्के कापून भरावे लागतात, आणि थकलेल्या बक्षिसाचा टीडीएस जर तिथं दिसत असेल तर लीगनं तुमचं देणं स्वतःच मान्य केल्यासारखं आहे, त्याचा प्रिंट काढून ठेवा. फोनवर मागत बसू नका, ईमेल करा, रक्कम आणि तारीख लिहून. एकट्यानं करायला भीती वाटत असेल तर आणखी चार-पाच खेळाडूंचे पैसे नक्की थकलेले असणार, सगळ्यांनी मिळून एकाच वकिलाकडनं नोटीस पाठवा, खर्चही वाटला जातो. दावा लावायला पैसे देय झाल्यापासून ३ वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबायचं नाही, कंपनीचं खातं रिकामं झाल्यावर कोर्टाचा निकाल घेऊन काय करणार.

करार वाढवायची सही जुनी बाकी खात्यावर आल्याशिवाय अजिबात करायची नाही. सही केली तर बाकी देऊ असं कुणी म्हणालं तर तिथंच उठून यायचं.

लीग टिकेल का हे ओळखायला मोठं डोकं लागत नाही. पैसे कुठनं येतात ते मोजा, टीव्हीवाले पैसे देतात का, टीम कुणी विकत घेतल्यात का, एक मोठा स्पॉन्सर आणि दोन-तीन छोटे असे आहेत का, का सगळं एकाच माणसाच्या खिशातनं चाललंय. एकाच खिशातनं चालत असेल आणि चार महिने पगार थकला असेल तर मी बँकेत असतो तर त्या फाईलवर एक रुपया मंजूर केला नसता.

माझं मत विचाराल तर भावानं अकॅडमीची नोकरी घ्यावी, पण घेतानाच दोन गोष्टी लिहून घ्याव्यात, स्पर्धांसाठी बिनपगारी रजा आणि सकाळी दोन तास स्वतःच्या सरावाला रेंज. शिकवलं म्हणून प्रो हा दर्जा जात नाही, जगभर कितीतरी प्रो शिकवतात. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचा कोचिंगचा कोर्स असतो, तो केला तर हा ४० चा आकडा वाढेल. पगारातले १० हजार दर महिन्याला सरळ सोसायटीच्या कर्जात, हे बाबांसाठी आहे, बाबांनी उसावर कर्ज काढलंय, त्या माणसाची झोप आधी परत आली पाहिजे. आणि टूरच्या पुढच्या क्वालिफाइंग स्कूलला भावानं बसायचं, कार्ड परत आणायचा तोच सरळ रस्ता आहे. २६ वय गोल्फला काहीच नाही, हा कुस्तीसारखा तिशीत शरीर मागणारा खेळ नव्हे. त्याला सांगा दोन वर्षं अशी काढ, खेळ सुटत नाही.

लग्नाचं आईला म्हणा घाई नको, आणि स्थळ आलंच तर मुलीकडच्यांना लीगचा करार दाखवू नका, अकॅडमीचा पगार आणि डोक्यावरचं कर्ज दोन्ही खरं सांगा.

प्रश्न : मी गडहिंग्लजचा, इंजिनिअरिंगला आहे आणि रात्री मोबाईलवर गोल्फ बघतो. लिव्ह गोल्फमध्ये एवढा पैसा असून ब्रूक्स कोएप्का परत पीजीए टूरवर का आला? आणि बाकीचे का येत नाहीत?

उत्तर : लिव्ह म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या पीजीए टूरला टक्कर द्यायला काढलेली लीग, तिची पहिली स्पर्धा जून २०२२ ला लंडनजवळ झाली, ४८ खेळाडू, ५४ होल, कट नाही, बक्षीस अडीच कोटी डॉलर, त्यातले ४० लाख एकट्या विजेत्याला. पैसा सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक फंडाचा, पीआयएफचा. बाजारातनं मात्र तेवढं परत येत नव्हतं, लिव्हच्या ब्रिटनमधल्या कंपनीचा एकट्या २०२४ चा तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर दाखवलाय. म्हणजे वरच्या पत्रातलाच प्रश्न, फक्त आकड्यावर शून्यं जास्त. शिवाय ऑक्टोबर २०२३ ला वर्ल्ड रँकिंगनं लिव्हला पॉइंट द्यायला नकार दिला होता, आणि रँकिंग घसरलं की मेजर, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांचं दार बंद व्हायला लागतं, हे खेळाडूला पैशापेक्षा जास्त लागतं.

कोएप्काकडं ५ मेजर आहेत, त्यातली २०२३ ची पीजीए चॅम्पियनशिप तर लिव्हमध्ये असतानाच जिंकलेली. डिसेंबर २०२५ ला त्यानं लिव्ह सोडली आणि पीजीए टूरनं परत यायची एक वाट काढली, पण फुकट नाही, ५० लाख डॉलर दानधर्माला द्यायचे आणि टूरकडनं खेळाडूंना मिळणाऱ्या शेअरवर पाच वर्षं पाणी सोडायचं. आणि ती वाट कुणासाठी, तर २०२२ पासून मेजर किंवा प्लेयर्स (पीजीए टूरची स्वतःची मोठी स्पर्धा) जिंकलेल्यांसाठी, म्हणजे लिव्हमधल्या रहाम, डिशॅम्बो, कॅम स्मिथ अशा मोजक्यांसाठी, आणि हे तिघंही आले नाहीत. लिव्हला गेलेला आपला अनिर्बन लाहिरी २०२२ च्या प्लेयर्समध्ये दुसरा आला होता, स्मिथच्या एका शॉटनं मागं. त्या एका शॉटमुळं ही वाट त्याच्यासाठी नव्हतीच. हे मला फार लागलं.

आणि चिलीचा मिटो परेरा आठवतो का? २०२२ च्या पीजीए चॅम्पियनशिपला शेवटच्या होलवर आघाडीवर होता आणि तिथं बॉल पाण्यात गेला. पुढं लिव्हला गेला, २०२५ च्या सीझनला खाली राहिला म्हणून लीगमधली जागा गेली, आणि तिसाव्या वर्षी त्यानं खेळणंच थांबवलं. कोएप्काची बातमी सगळ्यांनी वाचली, याची फार थोड्यांनी. तू गोल्फ बघतोस तर परेराचे जुने राऊंड शोधून बघ, काय सुंदर आयर्न मारायचा.

प्रश्न : माझा मुलगा पेठेतल्या टीमकडनं फुटबॉल खेळतो. दुसऱ्या पेठेची टीम सीझनचे जास्त पैसे देते म्हणते. गल्लीतली लोकं बोलतील म्हणून भीती वाटते.

उत्तर : वहिनी, गल्ली चार दिवस बोलेल आणि पुढच्या मॅचला शाहू स्टेडियममध्ये सगळी असतीलच. पण निम्मे पैसे रजिस्ट्रेशनच्या आधी घ्या, आणि मॅचमध्ये गुडघा गेला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार ते मंडळाच्या दोन मोठ्या माणसांसमोर ठरवून घ्या. सध्याच्या टीमच्या कोचला मात्र मुलानं स्वतः जाऊन सांगायचं, निरोप पाठवायचा नाही.