मिलकडे बाबासाहेबांच्या वाटेने जा

राजकीय विचारवंत नव्याने वाचायला घेतलेस, तर प्लेटोपासून क्रमाने जाऊ नकोस. बरेचजण तिथेच दमतात. बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण छापून घे आणि पेन्सिल घेऊन बस. त्यात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा येतो: माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. तिथे खूण कर. मिलच्या प्रातिनिधिक शासनावरच्या 1861 च्या ग्रंथात, अगदी पहिल्या प्रकरणात, तो विचार सापडेल.

आता त्याचं ‘ऑन लिबर्टी’ उघड. पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केलेला हाच मिल 1859 मध्ये लिहितो की मागासलेल्या समाजांना हे स्वातंत्र्याचं तत्त्व लागू नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार चीड आली होती, पुस्तक मिटूनच ठेवलं. तू मिटू नकोस. ज्या देशाला कंपनी नालायक समजत होती, त्याचं संविधान पुरं होताना बाबासाहेबांनी मिलचाच शब्द व्यक्तिपूजेविरुद्ध वापरला, हे मला आजही मोठं वाटतं.

लॉक, रूसो सावकाश वाच. त्याआधी बाबासाहेबांचं 4 नोव्हेंबर 1948 चं भाषण घे. संविधानिक नैतिकतेसाठी, म्हणजे संविधानाच्या चौकटीबद्दलच्या आदरासाठी, तिथे ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज इतिहासकार ग्रोट भेटेल.