ड्युटी, प्रबंध आणि तान्हं बाळ: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची चार पत्रं आली: पदव्युत्तर शिक्षण चालू असताना आई होणाऱ्या डॉक्टर. पत्रलेखकांची नावं आणि महाविद्यालयं गाळून ती इथे देत आहोत.

मी एमडी बालरोगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौदावा आठवडा चालू आहे, विभागात अजून कोणाला बोललेले नाही. रजा, प्रबंध, जिल्हा रुग्णालयातले तीन महिने, सगळं डोक्यात गोळा झालंय. मैत्रीण म्हणते, एखाद्या कोचशी बोल. त्याने नेमकं काय होईल?
— निवासी डॉक्टर, धनकवडी

कोच तुमची रजा मंजूर करू शकत नाही आणि ड्युटीचा तक्ताही बदलू शकत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ज्याचा तुमच्या गुणांशी आणि ड्युट्यांशी संबंध नाही अशा माणसासमोर पाऊण तास बसायचं आणि डोक्यातल्या गोळ्यातून तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या: काय मागायचं, कोणाकडे, आणि कोणत्या तारखेपर्यंत. बैठकीतून उठताना या तीन गोष्टी कागदावर नसतील, तर नुसत्या गप्पा झाल्या असं समजा.

तुमच्या बाबतीत पहिली मागणी फार काळ थांबू शकत नाही. बालरोग वॉर्डात कांजिण्या आणि रुबेलाचे रुग्ण येतातच. तुम्हाला पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या आहेत का किंवा लस झाली आहे का, हे याच आठवड्यात पाहा. शंका असेल तर प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या, कारण ही जिवंत लस गरोदरपणात देता येत नाही. प्रतिकारशक्ती नसेल, तर अशा रुग्णांपासून तुम्हाला दूर ठेवलं पाहिजे, आणि कारण माहीत नसताना विभागप्रमुख ते करणार कसे? नवजात विभागात पोर्टेबल एक्स-रे काढताना दोन मीटर मागे सरका. किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला वापरण्याइतका संबंध येत असेल, तर गरोदरपणाची लेखी नोंद द्या. गर्भासाठी उरलेल्या काळाची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट धरतात आणि नोंद दिल्यावरच ती लागू करता येते. ‘पोट दिसायला लागलं की सांगू’ हा बेत म्हणूनच सोडून द्या.

आता रजा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत प्रसूती रजा प्रचलित शासकीय नियमांप्रमाणे द्यायची आहे. राज्य शासनाच्या सेवेत ती १८० दिवस आहे. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींत २६ आठवडे आहे आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. छत्तिसाव्या आठवड्यापासून निघालात तर ४ आधी, २२ नंतर. रजा मिळण्यावर सहसा अडत नाही, अडतं ते पुढे. हे दिवस अभ्यासक्रमाच्या मुदतीत कसे धरणार, परीक्षा कोणत्या तुकडीबरोबर, रजेत आणि वाढीव मुदतीत विद्यावेतन चालू राहील का, हे तीन प्रश्न अर्जातच क्रमांक घालून विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. तोंडी ‘बघू’ म्हणणारे अधिकारी वर्षभरात बदलतात.

प्रबंध परीक्षेच्या किमान सहा महिने आधी सादर व्हावा लागतो. तेव्हा आजपासून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत माहिती गोळा करण्याचं काम संपवायचं आणि लिखाण मागे ठेवायचं. रुग्ण नोंदवण्याचं काम घरून होत नाही. उतारे, तक्ते आणि संदर्भांची जुळणी बाळ झोपलं असताना थोडीथोडी होते. रुग्णसंख्या अपुरी राहणार असं दिसत असेल, तर संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीकडे दुरुस्तीचा अर्ज रजेवर जाण्याआधी टाका.

जिल्हा निवासी कार्यक्रमाचे तीन महिने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात घ्यायचे असतात. दुसऱ्या तिमाहीत तब्येत बरी असेल तर ते आत्ताच उरकणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं. नंतरवर ढकलले, तर औंधचं जिल्हा रुग्णालय मिळावं असा अर्ज समन्वयकाकडे लवकर करा, नाहीतर तान्ह्या बाळाला घेऊन परजिल्ह्यात खोली शोधावी लागेल.

एक तरतूद फार कमी जणींना माहीत असते. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार अपेक्षित प्रसूतीच्या आधीचे सहा आठवडे आणि त्याआधीचा एक महिना, म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यापासून, स्त्रीने मागणी केल्यास तिला कष्टाचं किंवा तासन् तास उभं राहण्याचं काम देऊ नये. मागणी केल्यास, हे शब्द महत्त्वाचे. अर्जात या तरतुदीचा उल्लेख करून रात्रपाळी आणि सलग उभं राहण्याच्या ड्युट्या बदलून मागा. त्या बदल्यात बाह्यरुग्ण विभाग, डिस्चार्जचे कागद, लसीकरण अशी कामं स्वतःहून सुचवा. सहकाऱ्यांवर भार कुठे आणि किती पडतोय हे समोर राहिलं की कुरबूर कमी होते.

माझी सून स्त्रीरोग विभागात निवासी डॉक्टर आहे. बाळ साडेचार महिन्यांचं, पुढच्या महिन्यात ती रुजू होणार. दूध काढून फ्रीजमध्ये ठेवीन म्हणते. ते बाळाला बाधणार नाही ना? आमच्याकडे गुरुवारी वीजही जाते.
— एक आजी, वारजे

आजी, नीट ठेवलेलं आईचं दूध बाधत नाही. फ्रीजच्या आतल्या बाजूला, म्हणजे दारात नव्हे, ते ४ दिवस टिकतं. फ्रीजरमध्ये ६ महिने चांगलं राहतं. बाहेर २५ अंशांपर्यंत ४ तास टिकतं, पण एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या घरात तेवढा थंडावा कुठला? तेव्हा उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नका. गुरुवारी वीज गेली तर दार उघडू नका, बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. रुग्णालयातून येताना बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मास डब्यात दूध २४ तास चालतं.

आई दूर असताना बाळाला ताशी ३० मिली या हिशोबाने दूध लागतं. बारा तासांची ड्युटी म्हणजे साडेतीनशे ते चारशे मिली. ते ६० ते ९० मिलीच्या झाकणाच्या छोट्या भांड्यांत भरा आणि प्रत्येकावर तारीख-वेळ लिहा. आधीचं आधी वापरायचं. भांडी उकळून घ्यायची. फ्रीजरमधलं दूध आदल्या रात्री खाली काढून ठेवा, पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत ते संपवायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. पाजताना भांडं कोमट पाण्याच्या वाडग्यात धरा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. वर साय आल्यासारखा थर दिसेल, ते नासणं नव्हे, भांडं हलक्या हाताने फिरवलं की मिसळतो. कधी साबणासारखा वास येतो, तेही दूध चालतं. आंबट वास आला तर मात्र टाकून द्या. बाळाने उष्टं सोडलेलं दोन तासांत संपलं नाही तर टाकायचं, मग सुनेची कितीही मेहनत त्यात असो.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं. पहिले काही दिवस बाळ तोंड फिरवेल. ते फार भुकेजण्याआधी, शांत असताना पाजा. आईने स्वतः पाजायला बसू नये, तिच्या कुशीत बाळ वाटीला तोंड लावत नाही. ही सवय रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी लावा. सहा महिने पुरे होईपर्यंत पाणी, गुटी, वरचं दूध नको, आणि मध तर वर्षभर नको.

सुनेसाठी: ड्युटीवर दर तीन तासांनी १५ ते २० मिनिटं दूध काढायचं. लांबलचक शस्त्रक्रियेच्या यादीत पहिल्यांदा चुकतं ते हेच. छाती दगडासारखी होते, मग गाठ, मग ताप, आणि पुढच्या आठवड्यात दूध कमी. म्हणून हात धुऊन आत जाण्याआधी दूध काढायचं, आणि दोन शस्त्रक्रियांमध्ये कोण जागा घेणार ते सकाळीच सहकारिणीशी ठरवायचं. गाठ लाल होऊन ताप आला तरी पाजणं थांबवू नये, लगेच दाखवावं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत विश्रांतीखेरीज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी कायद्यात आहे.

आमच्या विभागात दरवर्षी एक-दोन निवासी डॉक्टर रजेवर जातात. त्यांच्यासाठी कोचिंग सुरू करायचं आहे. एखादं व्याख्यान ठेवलं तर पुरे का? किती बैठका घ्याव्यात?
— सहयोगी प्राध्यापिका, पिंपरी

व्याख्यानावर वेळ घालवू नका. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८८ डॉक्टरांवर चाचणी प्रसिद्ध केली. पाच महिन्यांत सहा बैठका, सगळ्या मिळून साडेतीन तास, एवढ्यानेही भावनिक थकवा कमी झाला. २०२२ मध्ये कोलोरॅडोत १०१ महिला निवासी डॉक्टरांवर ऑनलाइन गट-कोचिंगची चाचणी प्रसिद्ध झाली, तिथेही थकवा घटला. म्हणजे फार वेळ लागत नाही, पण तो ठरावीक अंतराने द्यावा लागतो.

आम्ही सहा बैठका सुचवू. अठ्ठाविसाव्या आठवड्यात पहिली, एक तासाची: अर्ज, प्रबंध, ड्युट्या. चौतिसाव्यात दुसरी: काम कोणाकडे सोपवायचं त्याची यादी. प्रसूतीनंतर दोन महिन्यांनी फोनवर, तिची इच्छा असेल तरच. रुजू होण्याच्या तीन आठवडे आधी चौथी, रुजू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात पाचवी, तीन महिन्यांनी शेवटची. एकाच बैठकीची वेळ काढायची असेल, तर चौथीची काढा. त्या तीन आठवड्यांत सांभाळायला कोण, दूध कुठे काढायचं, पहिल्या पंधरवड्यात कोणत्या ड्युट्या हे ठरलं नाही, तर ते पहिल्या रात्रपाळीत ठरवावं लागतं.

बिघडतं कुठे ते सांगतो. कोच म्हणून प्रबंधाचे मार्गदर्शक, परीक्षक किंवा विभागप्रमुख नेमले की मुलगी खरं बोलत नाही, आणि तिने का बोलावं? दुसऱ्या विभागातली किंवा बाहेरची प्रशिक्षित व्यक्ती घ्या. विभागाकडे फक्त ‘बैठक झाली’ एवढीच नोंद जावी. बैठक रात्रपाळीनंतरच्या दुपारी ठेवली तर ती झोपेतून कापली जाते, तेव्हा तक्त्यात कामाच्या वेळेतच ती लिहा. आणि ज्येष्ठ डॉक्टरांनी ‘आमच्या वेळी पंधराव्या दिवशी हजर झालो’ हे ऐकवू नये. त्या वाक्यानंतर समोरची काहीच मागत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तक्ता तसाच ठेवून कोचिंग देणं. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेने सलग बारा तास आणि आठवड्याला ४८ तास ही साधारण मर्यादा सांगितली होती. छत्तीस तासांच्या ड्युटीवर तग कसा धरायचा हे शिकवण्यासाठी कोच आणू नका. आधी परतणाऱ्या डॉक्टरसाठी दोन आठवडे एकटीने रात्रपाळी नाही, हे लिहून काढा. नवजात पुनरुज्जीवन, श्वासनलिकेत नळी घालणं यांसारख्या गोष्टी पुतळ्यावर आणि मग वरिष्ठांसमोर दोन-तीनदा करून झाल्या की लॉगबुकात सही, त्यानंतरच एकटीने. सहा महिन्यांत हात विसरत नाही, पण डोळ्यांसमोरचा क्रम मंदावतो आणि औषधांच्या मात्रा पुन्हा तपासाव्या लागतात. इंग्लंडमध्ये प्रसूती रजा न मोडता दहा दिवसांपर्यंत कामावर येऊन हात चालू ठेवण्याची सोय आहे. आपल्याकडे शेवटच्या महिन्यात, तिची तयारी असेल तर, मृत्यू-परीक्षण सभा किंवा जर्नल क्लबला (शोधनिबंधांवरच्या चर्चेला) ऑनलाइन बसू देणं सहज जमेल. हजेरीची सक्ती मात्र नको.

पत्नी एमएस सर्जरी करते. रुजू होऊन तीन आठवडे झाले. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, रोज रडते, ‘मी नसले तरी चालेल’ म्हणते. कोच शोधू का?
— एक वाचक, हडपसर

कोच नको, आधी मनोविकारतज्ज्ञ, आणि तेही आज-उद्यात. बाळ झोपलं असतानाही झोप न येणं आणि ‘मी नसले तरी चालेल’ ही वाक्यं प्रसूतीनंतरच्या नैराश्याकडे बोट दाखवतात. स्वतःला इजा करण्याचा विचार येतो का, हे तिला सरळ विचारा, विचारल्याने तो बळावत नाही. उत्तर हो असेल तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत, तेव्हा त्या भीतीने उपचार लांबवू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, दोन्हींमुळे अशीच गळून गेल्याची अवस्था येते.

तिच्या विभागप्रमुखांना वैद्यकीय प्रमाणपत्रासह लेखी कळवा आणि रात्रपाळ्या तूर्त थांबवून मागा. तुम्ही स्वतः पदव्युत्तर विद्यार्थी असाल, तर पितृत्व रजेची तरतूदही त्याच २०२३ च्या नियमावलीत आहे, अर्ज करा. घरात रात्री दहा ते पहाटे तीन बाळ तुमच्याकडे, काढून ठेवलेलं दूध तुम्ही पाजायचं, आणि ती दुसऱ्या खोलीत दार लावून झोपणार, असं आजपासून ठरवा. सलग पाच तास झोप हा तिच्या उपचाराचाच भाग आहे.