आर डोराडस हा लाल राक्षसी तारा काक्षीपेक्षा मोठा आहे का? त्याचे गुणधर्म कोणते?

मोठा नाही, पण मोठा दिसतो. या दोन्हींतला फरक न कळल्यामुळे माझे दहा गुण आणि एक करंडक गेला आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. घाई असेल त्यांनी हे पहिलंच वाक्य घेऊन जावं.

प्रश्नमंजुषेची अंतिम फेरी होती. मी आणि माझी ताई एका संघात. इतिहास, साहित्य तिच्याकडे, विज्ञान माझ्याकडे, अशी रीतसर वाटणी. शेवटून दुसरा प्रश्न आला: "सूर्य वगळता आकाशात कोणत्या ताऱ्याची चकती सर्वांत मोठी दिसते?" मी झडप घालून बझर दाबला. ताई कानाशी पुटपुटली, "काक्षी. काक्षी म्हण." वाटणी मोडून माझ्या प्रांतात घुसल्याचा राग आला आणि मी ऐटीत म्हणालो, "आर डोराडस."

सभागृह गप्प. मग मागून एकाने विचारलं, "ही जेवणाआधी घ्यायची की नंतर?" हशा पिकला. परीक्षकांनी हातातलं कार्ड पाहिलं आणि मान हलवली. शेजारच्या संघाने "काक्षी" म्हणून दहा गुण खिशात टाकले. आम्ही पाच गुणांनी हरलो. कार्यक्रम संपल्यावर मी परीक्षकांना गाठलं तर ते म्हणाले, "काक्षी शाळेतल्या पोराला माहीत असतो. तुमचा हा तारा कुणी पाहिलाय?" मी काही बोलायच्या आत ताईने दंडाला धरून बाहेर आणलं. तेव्हापासून घरात माझं नाव "डोराडस" आहे.

आता परीक्षकांच्या कार्डाकडे वळू. काक्षी, म्हणजेच बेटेलज्यूज, हा सूर्यानंतर ज्याचा कोनीय व्यास, म्हणजे आकाशात दिसणारी रुंदी, मोजला गेला असा पहिला तारा. मायकेलसन आणि पीस यांनी 1920 मध्ये माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीवर व्यतिकरणमापक, म्हणजे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून मोजमाप करणारं उपकरण, बसवून तो मोजला, 47 मिलीआर्कसेकंद आला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग, मिलीआर्कसेकंद त्याचाही हजारावा). पहिला मोजलेला म्हणून तोच सर्वांत मोठा, असा समज पुढे पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेला. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियन आणि युरोपीय खगोलशास्त्रज्ञांच्या गटाने आर डोराडसचा आकडा जाहीर केला: 57 मिलीआर्कसेकंद, पाच इकडे तिकडे. चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या साडेतीन मीटर दुर्बिणीचं हे काम. पद्धत तर मला फार आवडते. एवढी मोठी दुर्बीण घ्यायची आणि तिच्या प्रकाशाच्या वाटेत भोकं पाडलेला पडदा लावून बहुतेक प्रकाश अडवायचा. भोकांतून आलेल्या किरणांच्या व्यतिकरणातून वातावरणाची थरथर वजा करता येते आणि उघड्या आरशाला जे दिसत नाही ते झाकलेल्याला दिसतं.

57 मिलीआर्कसेकंद म्हणजे किती? एक सेंटीमीटर रुंदीचं बटण 36 किलोमीटरवरून पाहावं, तेवढं. सूर्याची चकती याच्या तीस हजार पटींहून मोठी दिसते. तरीही सूर्याखालोखाल नंबर याचाच. प्रश्नात "दिसते" होतं, "आहे" नव्हतं. मराठी क्रियापद परीक्षकांना वाचता येऊ नये, याचं मला अजून वाईट वाटतं.

खऱ्या आकारात मात्र काक्षीच भारी. तो लाल महाराक्षसी, वस्तुमान सूर्याच्या दहा पटींहून जास्त. आर डोराडस साधा राक्षसी, व्यास सूर्याच्या सुमारे 350 पट. पण अंतर फक्त 180 प्रकाशवर्षांच्या आसपास, काक्षी त्याच्या तिप्पट लांब. जवळचं टेकाड दूरच्या डोंगराला झाकतं, तसंच हे.

तुम्ही गुणधर्म विचारलेत, ते राहिलेच. याचं वस्तुमान साधारण सूर्याइतकंच आहे. तेवढाच ऐवज चार कोटी पट जागेत पसरलेला, म्हणजे सरासरी घनता आपण श्वासात घेतो त्या हवेच्या हजारो पटींनी विरळ. सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीची कक्षा पोटात घेऊन मंगळाच्या कक्षेला टेकेल. पृष्ठभागाचं तापमान जेमतेम 2,700 केल्विन. एवढ्या थंड वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडसारखे रेणू टिकतात आणि दृश्य प्रकाश गिळतात. म्हणून डोळ्यांना हा पाचव्या-सहाव्या प्रतीचा मरतुकडा तारा वाटतो, पण अवरक्त प्रकाशात पाहिलं तर आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या पंगतीत बसतो. तो रूपविकारी आहे, म्हणजे त्याचं तेज कमीजास्त होत राहतं. कधी 332 दिवसांच्या तालावर फुगतो-आकसतो, तर कधी 175 दिवसांच्या. मधेच ताल बदलतो. नावातला "आर" त्यामुळेच आला: खगोलशास्त्रज्ञ आर्गेलांडर यांच्या नामकरणाच्या पद्धतीत तारकासमूहातल्या पहिल्या रूपविकारी ताऱ्याला ते अक्षर मिळतं.

सगळ्यात भन्नाट गोष्ट अलीकडची. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये चिलीतल्याच आल्मा दुर्बिणींनी याच्या पृष्ठभागाची महिनाभर चित्रं घेतली आणि 2024 मध्ये ती प्रसिद्ध झाली. पृष्ठभागावर उकळत्या वायूचे बुडबुडे आहेत, एकेक सूर्याच्या 75 पट मोठा, आणि ते साधारण महिन्याभरात बदलतात, अपेक्षेपेक्षा वेगाने. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्यावरचं उकळणं एवढं तपशिलात, असं हलताना प्रथमच दिसलं. "तुमचा तारा कुणी पाहिलाय?" याचं उत्तर परीक्षकांना द्यायला आणखी काय हवं?

फुटणार का, असं पुढचा विचारेलच. नाही. तेवढं वस्तुमानच नाही त्याच्यात. बाहेरचे थर वाऱ्यासारखे उडून जातील आणि मागे श्वेतबटू, म्हणजे विझत जाणारा छोटासा गाभा, उरेल. सूर्याचंही एक दिवस हेच होणार आहे, म्हणून तर एवढ्या दुर्बिणी याच्या मागे लागल्यात.

बघायचा असेल तर दक्षिणेला अगस्त्य आणि अग्रनद शोधा. दोघांच्या मधल्या पट्ट्यात, आणखी दक्षिणेला, मोठ्या मॅगेलन मेघाच्या अलीकडे हा आहे. क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर, सुमारे उणे 62 अंश (उणे म्हणजे दक्षिणेला), त्यामुळे 28 अंश उत्तरेच्या वर राहणाऱ्यांनी नाद सोडावा. बाकीच्यांनीही द्विनेत्री घेऊनच जावं. नुसत्या डोळ्यांनी लाल राक्षसी बघायचा असेल तर त्रिशंकूच्या माथ्यावरचा गॅक्रक्स बघा, 88 प्रकाशवर्षांवर आहे आणि शेजारच्या निळसर ताऱ्यांमुळे त्याचा तांबूस रंग चटकन कळतो. डोराडसपाशी तुमची निराशाच होईल. माझी झाली होती. ताई सोबत होती, द्विनेत्रीतून बराच वेळ पाहून म्हणाली, "याच्यासाठी करंडक घालवलास?"

आता एक खुलासा, जो मी तिच्यासमोर कधी केलेला नाही. विरळ ताऱ्याला काठ नसतो, त्यामुळे कोणत्या तरंगलांबीत मोजता यावर व्यास ठरतो. 57 हा आकडा जवळच्या अवरक्तातला. नंतरच्या मोजणीत तो पन्नाशीच्या आसपास आला, काक्षी तिथे चाळिशीच्या थोडा वर, म्हणजे क्रम तोच. पण हबल दुर्बिणीने काक्षीचं अतिनील चित्र घेतलं तेव्हा त्याचं बाहेरचं वातावरण दृश्य चकतीच्या दुप्पट पसरलेलं दिसलं. ते धरलं तर काक्षी पुढे जातो. परीक्षकांच्या प्रश्नात प्रकाश कोणता ते लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यापुरते दहातले अडीच गुण मी सोडायला तयार आहे. उरलेल्या साडेसातांतही करंडक आमचाच होतो.