वाचक विचारतात : कामाच्या व्हॅनमधले खण

प्रश्न : इलेक्ट्रिक आणि प्लंबिंगची कंत्राटं घेतो. व्हॅनमध्ये अवजारांचे क्रेट एकावर एक असतात आणि हवं ते नेमकं तळाशी सापडतं. मागच्या दारातून ओढता येतील असे दोन लांब खण प्लायवूडमध्ये स्वतः बांधायचे आहेत. चाकांवरच्या दोन फुगवट्यांमध्ये १२०० मिमी जागा आहे. मापं कशी काढू?

उत्तर : सुरुवात प्लायवूडपासून नको, चॅनेलपासून करा, म्हणजे खण ज्यावर सरकतो त्या छर्‍यांच्या धातूच्या पट्ट्यांपासून. चॅनेल आधी आणा, जाडी स्वतः मोजा, मगच करवत हातात घ्या. घरच्या फर्निचरचं टेलिस्कोपिक चॅनेल प्रत्येक बाजूला १२.७ मिमी जागा घेतं आणि जोडी साधारण ४५ किलो भार पेलते. अवजारांनी भरलेल्या मीटरभर खणाला ती पुरणार नाही. १९ मिमी जाडीची, १०० किलोच्या वर पेलणारी, पूर्ण उघडणारी जोडी घ्या. छापलेला आकडा जागेवर उभ्या असलेल्या कपाटासाठीचा आहे असं समजा. गाडी खड्ड्यात आदळली की तेच वजन क्षणभर कितीतरी जास्त भासतं, म्हणून निम्म्याचाच हिशेब धरा.

आता तुमची मापं. दोन्ही बाजूंना १० मिमी सोडलं तर सांगाडा बाहेरून ११८० मिमी. १८ मिमीच्या दोन बाजू आणि एक मधली फळी मिळून ५४ मिमी गेले, उरले ११२६. म्हणजे प्रत्येक खणाला ५६३ मिमी. त्यातून दोन चॅनेलचे ३८ आणि सैलपणासाठी १, असे ३९ वजा करा. खणाची बाहेरची रुंदी ५२४ मिमी. इथे अर्धा मिमी सैल राहिलेला चालतो, चॅनेलमागे पातळ पट्टी घालता येते. घट्ट झालं तर खण पुन्हा कापावा लागतो. सांगाड्याची उंची ३०० मिमी ठेवलीत तर आतली मोकळी उंची २६४. खण २३५ मिमी उंच करा आणि खाली १० मिमी सोडा.

कापण्याआधी एक गोष्ट बघा, जी बहुतेकांची राहते. दाराची चौकट आतल्या जागेपेक्षा अरुंद असते आणि उंबऱ्याला कड असते. खण बाहेर येताना बिजागरीला किंवा रबरी पट्टीला घासला तर सगळं मुसळ केरात. गरज पडली तर सांगाडा खाली पट्ट्या देऊन उचला. बंद दार आणि खणाची मूठ यांत ३० मिमी तरी अंतर हवं.

खणाच्या बाजूंना १५ मिमी प्लायवूड वापरा. १२ मिमीच्या फळीत स्क्रूला पकड कमी मिळते आणि हादऱ्यांनी ती सुटते. १२ मिमीच वापरायचं असेल तर चॅनेल आरपार जाणाऱ्या एम-५ (५ मिमी जाडीच्या) बोल्टने, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यांनी सैल न होणारा) लावून बसवा. बोल्टचं डोकं चपटं हवं. उंच असलं तर आतल्या छर्‍यांच्या पट्टीला अडकतं. ९ मिमीचा तळ बाजूंना पाडलेल्या ६ मिमी खोल खाचेत, कडेपासून १० मिमी वर बसवा. खालून नुसते खिळे ठोकलेला तळ एक दिवस अवजारांसकट खाली बसतो.

सांगाडा जोडताना पाण्याला टिकणारा गोंद आणि ४ × ५० मिमी स्क्रू, दर १५० मिमीवर. प्लायवूडच्या कडेत स्क्रू घालायच्या आधी ३ मिमीचं छिद्र पाडा, नाहीतर थर फाटतात. गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीच्या वर गेला तर शिकंजा लावून ओढा.

असा रिकामा संच चॅनेल धरून ७० किलोच्या आसपास भरतो. व्हॅनच्या भारक्षमतेतून तो आधी वजा करा.

प्रश्न : सांगाडा जमिनीच्या पत्र्याला स्क्रूने धरला आहे. पुरेल का?

उत्तर : नाही. पातळ पत्र्यातला स्क्रू हादऱ्यांनी आपलं भोक मोठं करत जातो. शिवाय ६० किलोचा खण पूर्ण बाहेर ओढला की सांगाड्याची आतली कड वर उचलायला बघते. निदान चार एम-८ बोल्ट आरपार हवेत, त्यातले दोन अगदी आतल्या टोकाला. खालून ५० × ५० × ३ मिमीची लोखंडी पट्टी आणि नायलॉक नट. भोकाच्या कडांना गंजरोधक प्रायमर, वर सीलंट.

ड्रिल लावण्याआधी गाडीखाली शिरून इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग बघा. जमिनीखाली बॅटरी असलेल्या इलेक्ट्रिक व्हॅनला तिथे भोकच पाडू नका. सामान बांधायच्या कंपनीच्या कड्या वापरा.

प्रश्न : खण चढावर आपोआप उघडतो आणि उतारावर गाडी लावली की उघडलेला खण बोटांवर येतो.

उत्तर : चुंबक लावला असणार. तो स्वयंपाकघरातल्या कपाटालाच शोभतो. बंद आणि उघडा, दोन्ही जागी अडकणारं चॅनेल मिळतं, तेच घ्या. त्याशिवाय दर्शनी फळीला धातूचा खटका लावा, कारण गाडी झटक्यात निघाली किंवा मागून धक्का बसला की चॅनेलच्या छोट्या खिट्टीवर सगळा ताण येतो. खणाचं तोंड मागच्या दाराकडे असतं, म्हणून चढावर आणि गाडी झटक्यात निघाल्यावर तो उघडायला बघतो. जड वस्तू खणाच्या आतल्या टोकाला ठेवा: वजन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये जातं आणि ओढलेल्या खणाचा चॅनेलवरचा भारही घटतो. थोडं वाकावं लागतं, ते सोसा.

प्रश्न : बसवला तेव्हा हलका चालणारा खण आता अर्ध्यावर अडतो. तेल घातलं, फरक नाही.

उत्तर : तेलाने उलट बिघडलं असेल. सिमेंट आणि लाकडाची धूळ तेलात मिसळली की छर्‍यांभोवती गारा होतो. चॅनेल कोरड्या फडक्याने पुसून कोरडं वंगण (धूळ धरून न ठेवणारं) मारा.

तरीही अडला तर खण काढा आणि मोकळ्या जागेची रुंदी पुढे, मध्ये, मागे मोजा. १ मिमीपेक्षा जास्त फरक म्हणजे सांगाडा पिळला आहे. व्हॅनच्या जमिनीचा पत्रा पन्हाळीसारखा उंच-सखल असतो; त्यावर बोल्ट आवळले की लाकूड त्याच्याप्रमाणे वाकतं. बोल्ट सैल करा, पोकळी असेल तिथे पातळ पाचरी घाला, मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जात थोडेथोडे आवळा. चॅनेलचे स्क्रू आधी लंबगोल छिद्रांत घाला, खण दहादा ओढून बघा, आणि मगच गोल छिद्रांतले स्क्रू बसवा.

प्रश्न : गुळगुळीत रस्त्यावरही अवजारं खडखडतात.

उत्तर : तळाला ३ ते ५ मिमीचा रबरी पत्रा. पाने आणि पकडी यांना ठोकळ्यांनी कप्पे करा, अवजारापेक्षा ५ मिमी मोठे. तरी आवाज राहिला तर तो अवजारांचा नसून खणाचा असतो: बंद खण हाताने वर-खाली हलवून बघा, आणि हलत असेल तर मागच्या भिंतीवर रबरी ठोकळा असा लावा की बंद होताना खण त्यावर किंचित दाबला जाईल.