भाच्याच्या तिसऱ्या वाढदिवसाला फेल्टच्या गाड्या आणि कार्डं घरी करायची आहेत. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की भाचा अंधेरीला राहतो, त्याला गाड्यांचं वेड आहे, वाढदिवस जुलैअखेर आहे, तुम्हाला बटण लावण्यापलीकडे शिवण येत नाही आणि जमलं तर पुढे या वस्तू विकायचंही मनात आहे. मी अशी खेळणी बरीच वर्षं शिवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फेल्ट आणायच्या आधी एक काम करा. भाच्याच्या घराखालून रोज कोणत्या गाड्या जातात ते त्याच्या आईला विचारा. इंटरनेटवरच्या तयार नमुन्यांत पिवळी स्कूलबस आणि लांब नाकाचे ट्रकच जास्त सापडतात. ते दिसतात छान, पण तीन वर्षांच्या मुलाला त्याच्या रस्त्यावरची गाडी हातात मिळाली की तो तिचा आवाज काढायला लागतो, त्याची सर कशालाच नाही. अंधेरीच्या मुलाला रिक्षा हवीच. गिरगावात राहत असता तर मी टॅक्सी सांगितली असती, कारण रिक्षा वांद्रे-सायनच्या पलीकडे दक्षिण मुंबईत येतच नाहीत. आपल्याला मोह होतो तो पद्मिनी टॅक्सी आणि जुनी डबलडेकर शिवायचा. पण डिझेलवरची शेवटची डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ती आठवण आपली आहे, त्याची नाही. आजोबांसाठी जरूर शिवा.

आता रिक्षाचा आकार. गाडी नेहमी बाजूने काढा. मूल तिला ओळखतं ते बाहेरच्या रेषेवरून आणि रंगावरून, बारकाव्यांवरून नाही. खाली काळं अंग, वर पिवळं छत, पुढे उतरतं नाक, त्याखाली एक चाक आणि मागे एक. मधे मोकळी जागा. रिक्षाला दार नसतं हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तिथे राखाडी तुकडा लावून आतला अंधार दाखवा. एवढं जमलं की रिक्षा झाली. आरसा, मीटर, नंबरप्लेट यांच्या मागे लागू नका.

बेस्टची बस त्याहून सोपी, कारण ती जवळपास आयतच असते. १४ बाय ७ सेंटिमीटर ठेवा. खरी बस याहून लांबोडकी असते, पण छोट्या मुठीत आखूड बस नीट बसते. ए-फोर आकाराच्या एका लाल तुकड्यातून अशा सहा बाजू निघतात, म्हणजे तीन बसगाड्या. चाकांसाठी दहा रुपयांचं नाणं ठेवून गोल आखा. बसच्या पाटीवर नंबर देवनागरीत असतो, तसा त्याच्या घराजवळून जाणाऱ्या बसचा नंबर पांढऱ्या दोऱ्याने भरा किंवा वयाचा ३ भरा. लोकल पहिल्याच वेळी करू नका. डबे जोडणं किचकट असतं.

फेल्ट हे विणलेलं कापड नाही, तंतू दाबून केलेलं असतं. त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत आणि कडा दुमडावी लागत नाही. नवशिक्यासाठी याहून चांगलं कापड मला माहीत नाही. आपल्याकडे मिळतं ते बहुतेक पॉलिस्टरचं. अंगासाठी २ मिलिमीटर जाडीचं, खिडक्यांसाठी १ मिलिमीटरचं घ्या आणि पुठ्ठ्यासारखं कडक अजिबात घेऊ नका, त्यात सुई शिरता शिरत नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर हे सगळं मिळेल, फक्त रविवारी जाऊ नका.

काळ्या फेल्टवर पेन्सिल दिसत नाही. शिंपी वापरतात तशी झिजून पातळ झालेली साबणाची वडी घ्या. छोट्या तुकड्यांसाठी कागदी साचा पारदर्शक सेलोटेपने फेल्टवर चिकटवा आणि तिन्ही एकदम कापा, आकार हलत नाही.

शिवण्याचा क्रम महत्त्वाचा. खिडक्या आणि नंबर आधी दोन्ही बाजूंवर सुट्या सुट्या शिवून घ्या, साध्या धावदोऱ्याने चालेल. अंग जोडून झाल्यावर ते करायला हात आत जात नाही. मग दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून कडेने ब्लँकेट टाका घाला, म्हणजे प्रत्येक टाक्याचा दोरा कडेवर अडकवत पुढे जायचं. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातले दोन पदर पुरतात. टाके अगदी सारखे आले नाहीत तरी चालतील, पण दोन टाक्यांत ३-४ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर आतलं भरण बाहेर येतं. तळाला दोन बोटं जातील एवढी फट ठेवा. पेन्सिलच्या बोथट टोकाने आधी कोपरे भरा, मग मधला भाग, आणि फट बंद करा. उशीतला कापूस नको. धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि पावसाळ्यात तो वाळत नाही. पॉलिस्टर फायबर घ्या.

चाकं फिरती करायच्या नादाला लागू नका. फेल्टची गाडी पळवायची नसते, ती खिशात आणि उशाशी राहते. आणि एका बाबतीत मी फार कडक आहे: बटणं, मणी, हलणारे डोळे, चुंबक यांतलं काहीही नको. घरात याहून लहान भावंडं येतात, निघालेलं बटण घशात अडकतं. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्यात एकमेकांकडे ओढली जाऊन जिवावर बेततं. दिवे गाठीच्या टाक्याने (सुईभोवती दोरा गुंडाळून घालतात तो, फ्रेंच नॉट) करा. शिवून झाल्यावर प्रत्येक तुकडा जोर लावून ओढून बघा.

इतर मुलांसाठी दहा-बारा गाड्या शिवत बसू नका, त्यांना कार्डंच द्या. आमंत्रणाला बेस्टच्या जुन्या तिकिटाचं रूप द्या: फिक्या रंगाच्या कागदाची अरुंद पट्टी, त्यावर एक ते एकतीस आकडे, आणि वाढदिवसाच्या तारखेवर पंचने भोक. मोठी माणसंसुद्धा ते जपून ठेवतात. कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमची (म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाची) कार्डशीट घ्या. दुमडण्याआधी पट्टी धरून संपलेल्या रिफिलने रेघ ओढली नाहीत तर घडीवर कागद फाटतो. घडी वरच्या बाजूला ठेवून बसचा आकार कापला की टप उचलल्यासारखं कार्ड उघडतं. खिडक्या कापून काढा आणि आतल्या पानावर बरोबर त्या जागी एकेक अक्षर लिहा, म्हणजे बंद कार्डातून मुलाचं नाव प्रवाशांसारखं दिसतं. जुलैच्या दमट हवेत फेविकॉल लवकर वाळत नाही आणि कागद वाकतो, तेव्हा दुहेरी टेप किंवा ग्लू स्टिक वापरा आणि तयार कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत, वर वजन ठेवून द्या.

विकण्याबद्दल. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) मानकं आणि आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे पहिली ऑर्डर घेण्याआधी त्या नोंदणीची चौकशी करा. कार्डांना हे काही लागत नाही, ती तुम्ही उद्यापासून विकू शकता.