मॅडम, माझं वर्ष वाया गेलं

तिसऱ्या सेमचे निकाल लागले की पुढचे दोन-तीन आठवडे माझ्या केबिनमधे हे एकच वाक्य येत राहतं, मुलं बदलतात पण वाक्य तेच. त्याच्या मागोमाग "माझी लाईनच चुकली" आणि मग "सोडून दुसरीकडे परत पहिल्यापासून ॲडमिशन घेऊ का?" मी पुण्यातल्या एका कॉलेजमधे गेली चौदा वर्षं समुपदेशक आहे आणि या काळजीवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण आता फक्त मुलंच नाही तर आईवडील पण फोन करून हेच विचारतात. एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीय, नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

वैष्णवी म्हणू तिला. परभणी जिल्ह्यातली, घरी कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. बारावीला बायोलॉजी घेतलेलं, गणित दहावीनंतर सुटलं. 2024 ला बीएस्सीला आली, म्हणजे आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांमधे नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं ती पहिलीच बॅच. पहिल्या वर्षी केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी असे तीन विषय आणि दुसऱ्या वर्षाला त्यातून मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय, ठरवायचं. हिने केमिस्ट्री मेजर घेतलं. तिसऱ्या सेमला तीन पेपर राहिले, दोन मेजरचे आणि एक ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या विषयाबाहेरचा आवडीने निवडायचा पेपर.

पहिल्या भेटीत ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, बॅग मांडीवर धरून, कुठल्याही क्षणी उठून जाईल अशी. म्हणाली, "मॅडम, मला टीसी पाहिजे. त्यासाठी तुमच्याकडं सही लागती का?"

सही नाही लागत, पण बस, म्हटलं.

ठरवून आली होती. रूमवरच्या दोघी कॉम्प्युटरवाल्या, एकीला इंटर्नशिपचे पैसे पण मिळायला लागलेले, म्हणून हिला सगळं सोडून बीसीएला पहिल्या वर्षापासून जायचं होतं. मी विचारलं कॉम्प्युटरमधलं काय आवडतं तुला. बराच वेळ गप्प. "आवडतं असं नाही मॅडम, पण त्यांना केटी नाही लागली."

हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं. लाईन बदलायची म्हणणाऱ्या मुलांना बऱ्याचदा कुठे जायचंय ते सांगता येत नाही, इथून निघायचंय एवढंच पक्कं असतं, आणि या दोन गोष्टी एकच समजून आपण जो सल्ला देतो तो हमखास चुकतो.

दुसऱ्या भेटीला तिला सगळी मार्कशीट आणि केमिस्ट्रीचं जर्नल घेऊन यायला सांगितलं. मार्कशीट घडी घालून घालून मऊ पडलेली, आणि जर्नल मात्र असं की बघत राहावं. टायट्रेशनच्या, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून त्याचं प्रमाण काढायच्या प्रयोगाच्या, रीडिंगचे तक्ते, तीनही रीडिंग जुळलेली, खाली एकही खाडाखोड नाही. मी विचारलं एंड पॉइंट, म्हणजे थांबायची जागा, कळतो कसा गं. आणि ही पोरगी जी तोपर्यंत खाली बघून बोलत होती ती हाताने ब्युरेटची तोटी धरल्यासारखं करून सांगायला लागली, की मॅडम शेवटी एक-एक थेंब सोडायचा, फ्लास्क हलवत राहायचा, खाली पांढरी टाइल ठेवायची, आणि एका थेंबाला एकदम फिका गुलाबी येतो तिथंच थांबायचं, गडद झाला म्हणजे पुढं गेलो. दोन मिनिटं बोलली. मग एकदम थांबली, जणू काही चोरी पकडली गेली.

"तुझी लाईन चुकलीय म्हणालीस ना?"

काही बोलली नाही.

राहिलेले पेपर बघितले. एक फिजिकल केमिस्ट्रीचा. त्यात रिॲक्शनचा वेग, फर्स्ट ऑर्डरची गणितं, लॉग, इंटिग्रेशन, आणि हिने अकरावीपासून गणित बघितलेलंच नाही. वर्गात सर फळ्यावर लॉग लिहून पुढे जातात आणि ही उतरवून घेते, बस. दुसरा मेजरचा पेपर दोन-तीन मार्कांनी गेलेला. तिसरं ओपन इलेक्टिव्ह, शेअर मार्केटवरचं, कारण सगळ्या ग्रुपने तेच घेतलं होतं. म्हणजे एकीकडे सुटलेलं गणित आणि दुसरीकडे मैत्रिणीच्या मागे भरलेला फॉर्म, याला तिने नाव दिलं होतं "मी केमिस्ट्रीच्या लायकीची नाही".

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने शिकलेली आहे, घटनेपेक्षा आपण तिचा काय अर्थ लावतो त्याचा त्रास जास्त होतो असं सांगणाऱ्या. एकाच निकालाने एक मुलगी चार दिवस पांघरूण घेऊन पडते आणि दुसरी परीक्षेचा फॉर्म कधी सुटणार ते विचारायला ऑफिसला जाते, कारण दोघींनी त्या निकालाला वेगवेगळं नाव दिलेलं असतं. माझं काम त्या नावापाशी सुरू होतं. म्हणून मी तिला मोजायला बसवलं. आमच्याकडे अभ्यास क्रेडिटमधे मोजतात, एका सेमला 22 क्रेडिट, तीन सेमचे 66. दोन-दोन क्रेडिटचे तीन पेपर राहिले म्हणजे 6. हातात 60. तीन वर्षांच्या डिग्रीला 132 लागतात. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तासांचं शिकवणं, तर 6 क्रेडिट म्हणजे 90 तास. "तू म्हणतेस वर्ष गेलं. इथं तर 90 तास दिसतायत."

मला वाटलं आता उजळेल चेहरा. काहीच नाही. मान हलवली, "हो मॅडम" म्हणाली, आणि जाताना परत टीसीचं विचारून गेली. खरं सांगते, त्या रात्री मला वाईट वाटलं. आकडे बरोबर होते पण ते माझे होते.

तिसऱ्या भेटीत मी केमिस्ट्री काढलीच नाही. घरचं विचारलं, यंदा पाऊस कसा होता वगैरे. तर ती सांगायला लागली की ती नववीत असताना मृगात चांगला पाऊस झाला, पप्पांनी सोयाबीन पेरलं, आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं. उगवलंच नाही. पप्पा रोज सकाळी बांधावर जाऊन उभे राहायचे, आणि एक दिवस आले आणि म्हणाले मोडायचं.

"मग?"

"मग परत पेरलं. दुबार."

"मग ते रान वाया गेलं म्हणायचं का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की या बाईला शेतीतलं काहीच कळत नाही. "रान कसं वाया जाईल मॅडम? बियाणं गेलं."

मी काहीच बोलले नाही. पंखा फिरत होता, बाहेर कँटीनच्या पोराने कपांचा ट्रे आपटला. तिने मार्कशीट समोर ओढली, तीन ठिकाणी बोट ठेवलं, आणि हळूच म्हणाली, "म्हणजे माझं बियाणं गेलं."

"किती बॅगा?"

"तीन."

आणि मग रडली. पहिल्या दोन्ही भेटींत न रडलेली मुलगी पंधरा मिनिटं रडली, आणि डोळे पुसून झाल्यावर जे बोलली ते मी इतक्या वर्षांत कुठल्याच ट्रेनिंगमधे ऐकलं नव्हतं. म्हणाली, "पण मॅडम, उशीर झाल्यावर परत सोयाबीन नाही पेरत. पप्पांनी तूर पेरली होती. जेवढे दिवस राहिलेत त्यात बसंल ते पेरायचं."

चौदा वर्षं मी मुलांना डिग्रीचं नियोजन समजावतेय, तक्ते काढून, रंगीत पेनं वापरून, आणि एवढं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं. आजही तो दिवस आठवला की आपण हे काम करतो याचं समाधान वाटतं. माझे 90 तास तिला पोचले नाहीत, कारण नुकसान मोजायची तिच्या घरची रीत वेगळी होती. ती सापडल्यावर बाकीचं तिनेच केलं.

त्या दिवशी आम्ही "राहिलेल्या दिवसांत काय बसतं" असा कागद केला. बीसीए म्हणजे सीईटी देऊन पहिल्या वर्षापासून सुरुवात, तीन वर्षं आणखी, आणि तिचे मेजरचे क्रेडिट तिकडे उपयोगाचे नाहीत. दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं हे तिने कुठूनतरी ऐकलेलं, पण त्यालाही राहिलेले पेपर सोडवावेच लागतात आणि वर स्किल कोर्स किंवा इंटर्नशिपचे 4 क्रेडिट लागतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिसरा रस्ता, तीन पेपर सोडवत इथेच डिग्री, मग एमएस्सी किंवा बीएड किंवा एखाद्या कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमधे नोकरी, जिथे ते टायट्रेशनचे हात लागतात. तिने तिसऱ्यावर खूण केली. मी सांगितलं नव्हतं.

आता जे हे वाचतायत आणि ज्यांच्या घरात हीच परिस्थिती आहे त्यांना थोडं स्पष्ट सांगते. डिजिलॉकरमधे जाऊन अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटमधे, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, तुमचे किती क्रेडिट जमा दिसतात ते आजच बघा, कमी दिसले तर परीक्षा विभागाला लेखी अर्ज द्या, तोंडी बोलून विसरू नका. जमा क्रेडिट साधारण सात वर्षं चालतात, बाहेर पडलात तर तीन वर्षांच्या आत परत येता येतं, पण "येता येतं" म्हणून घाईने बाहेर पडू नका, कारण घरी गेल्यावर परत येणं मुलींना विशेषतः किती अवघड होतं ते मी बघितलंय. चौथं वर्ष रिसर्चचं करायचं असेल तर पहिल्या सहा सेमला 75 टक्के लागतात, ते पाचव्या सेमला कळून उपयोग नाही. ओपन इलेक्टिव्ह मैत्रिणीचं बघून भरू नका, आधी सिलॅबसची पीडीएफ उघडा आणि पहिल्या युनिटची दोन पानं वाचा. आणि पेपर राहिला तर आधी शोधा की नक्की काय आलं नाही, विषय आला नाही की त्या विषयाखालचं गणित आलं नाही, भाषा आली नाही, की परीक्षेच्या आठवड्यात ताप होता. यातल्या प्रत्येकावर इलाज वेगळा आहे. लाईन बदलणं हा त्यातल्या फार थोड्या गोष्टींवरचा इलाज.

काही मुलांची लाईन खरंच चुकलेली असते, ते पण सांगते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, त्याला मीच बदल म्हटलं. पण त्याने पुढच्या कोर्सचा सिलॅबस वाचून आणलेला होता, कुठे जायचंय हे त्याला माहीत होतं.

आईवडिलांना एकच विनंती. निकाल कळला की पहिल्या दिवशी "वर्ष घालवलंस" म्हणू नका. ते नाव एकदा चिकटलं की आम्हाला ते सोडवायला महिने लागतात.

वैष्णवीने घरी फोन माझ्याच केबिनमधून केला. स्पीकरवर नव्हता, पण पप्पांचा आवाज मोठा, मला ऐकू येत होता. तिने तीन पेपर राहिल्याचं एका दमात सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही, मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू. मग ते म्हणाले, "फीस किती लागंल परत परीक्षेची?" आणि ही तोंडावर ओढणी धरून फक्त आकडा सांगू शकली.

नंतर आमच्या गणिताच्या मॅडमनी तिला आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी लॉगपासून शिकवायला घेतलं, अगदी आठवीतल्या मुलीला शिकवावं तसं. पुढच्या परीक्षेत दोन पेपर सुटले. फिजिकल अजून राहिलाय, या ऑक्टोबरला परत बसणार आहे. परवा दारातून डोकावली, आत काही आली नाही, घाईत होती, "मॅडम, फर्स्ट ऑर्डरची सगळी गणितं सुटतात आता, सेकंड ऑर्डरला अजून अडकते" म्हणाली आणि लॅबकडे पळाली.